बूट आधी, उड्या नंतर

माझी मावशी एका मिनिटात जेवढं बोलते, तेवढं ऐकायला माणसाला दीड मिनिट लागतं. अशा बाईने निवृत्तीनंतर नोकरी धरावी कुठे? तर जिथे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'कमी बोला, चित्र दाखवा.'

ज्या मुलांची वाढ जरा वेगळ्या वाटेने होते, त्यांच्यासाठी ते केंद्र आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे सहा आठवडे थेरपीचा ग्रुप भरतो. आठ मुलं, एक तरुण थेरपिस्ट मॅडम आणि मदतीला मावशी. माझी ती सख्खी, बाकी सगळ्यांची पगारी. मुलांना टोपणनावं तिनेच ठेवली. तोंडाने सतत भुर्र करणारा इंजिन. प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारणारा वकील. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गंभीरपणे 'बसा' म्हणणारे पाच वर्षांचे आजोबा.

आठवी होती चौकीदारीण. वय सहा. ही पोरगी दोन आठवड्यांत एकदाही खोलीत गेली नव्हती. आली की बाहेरच्या बोळात बुटांच्या मांडणीखाली शिरायची आणि दोन तास तिथेच ठाण मांडून बसायची. बोलणं शून्य. केंद्राचा नियम असा, की दोन आठवड्यांत मूल पाच मिनिटंसुद्धा ग्रुपमध्ये मिसळलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. त्या शुक्रवारी मुदत संपत होती. तिची आई बाकावर बसून ओढणीचं टोक पिळत होती. मावशीला सोडायला आलेला मी शेजारी.

"आज ही आत गेली नाही तर मी हिला घरी घेऊन जाईन," मावशी मला म्हणाली.

"तिला आई आहे, मावशी."

"मग दोघींना नेते!"

अशा मनःस्थितीत तिने फळा लावला. मुलांना पुढे काय होणार ते कळावं म्हणून रोज चित्रांची कार्डं क्रमाने चिकटवायची असतात: हॅलो, उड्या, रंग, खाऊ आणि सगळ्यात शेवटी, घरी जायच्या वेळी, बूट. आणि फळा म्हणेल ते झालंच पाहिजे. मध्येच कार्ड बदललं की मुलांचा त्यावरचा विश्वास उडतो.

सगळ्यांचं हॅलो म्हणून झालं. मॅडमनी ते कार्ड काढून डब्यात टाकलं आणि वकील खणखणीत आवाजात म्हणाला, "आता बूट!"

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं: बुटांचं कार्ड उड्यांच्या आधी. मग मावशीकडे.

"मावशी, हे मुद्दाम केलंत?"

"हो," मावशी म्हणाली. खोटं तिला दोन सेकंदांच्या वर पेलत नाही. "नाही गं पोरी, चष्मा घरी राहिला."

पण आता इलाज नव्हता. सातही मुलं बोळात थडकली आणि मांडणीसमोर ही झुंबड! इंजिन भिंतीला घासत शंटिंग करतंय, आजोबा गर्दीला 'बसा, बसा' म्हणतायत. आणि खालून एक हात बाहेर आला. तळवा पुढे.

"थांब," चौकीदारीण म्हणाली.

तिचा तिथला पहिला शब्द! आई उठली, मॅडमनी तिला खुणेनेच बसवलं. मावशीने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबले. एवढं अवघड काम तिने जन्मात केलं नसेल.

पोरीने मांडणीतून निळे बूट काढले, इंजिनसमोर धरले. बरोबर त्याचेच. मग आजोबांचे. दोन आठवडे मांडणीखाली बसून प्रत्येकाच्या पायाचा तिने पक्का अभ्यास केला होता. वकिलाने मध्येच हात घातला.

"थांब."

"का?"

नुसती एक नजर. वकील चक्क रांगेत जाऊन उभा राहिला. मॅडम जी रांग पंधरा दिवस चित्रं दाखवून लावत होत्या, ती हिने एका शब्दात लावली. मॅडमचे सँडल मॅडमना मिळाले, मावशीच्या चपला मावशीला.

पुढचं कार्ड उड्यांचं. मग काय, बूट घालून, बोळातच! सात मुलं, मॅडम, मावशी, सगळे धाडधाड. चौकीदारीण मांडणीबाहेर आली आणि तीही उडी मारायला लागली. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर धापा टाकत वर आले.

"अहो, माझं मशीन पेशंटच्या तोंडात आहे आणि छत हलतंय!"

चौकीदारणीने त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी निमूट बूट काढले. तिने ते मांडणीत ठेवले. डॉक्टर परत मागायला गेले, तर तळवा पुढे: "थांब." आजोबा म्हणाले, "बसा." डॉक्टर मोज्यांवर बाकावर बसले, माझ्या शेजारी.

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं. मावशीने त्यांच्या खांद्यावरून मान घालून, डोळे किलकिले करून मोठ्याने वाचलं, "ग्रुपमध्ये सहभाग, अठरा मिनिटं. जागा कायम." आणि तोंडाचं झाकण एकदाचं उडालं. काय बोलत होती तिचं तिलाच ठाऊक.

पोरीच्या आईला मात्र धीर होईना. तिने हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे सोमवारी आणू ना तिला?"

मॅडम धापा टाकत हसल्या. "अहो, नाही आणलंत तर आम्हाला घरी जाताना बूट कोण देणार?"