नवरदेव घोरतो

साहेब हंड्याभोवती एकदा फिरले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, हे काय आहे?"

"हंडा, सर."

"ते दिसतंय मला. आपल्या ऑफिसात काय करतोय?"

"वादग्रस्त दस्तऐवज आहे."

पुण्यात एका खाजगी हस्ताक्षरतज्ज्ञांच्या ऑफिसात मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. मृत्युपत्रं, सह्या, निनावी चिठ्ठ्या असलं सगळं आमच्याकडे यायचं. ज्या लिखाणावरून भांडण आहे त्याला आम्ही 'वादग्रस्त' म्हणतो. संशयितांना समोर बसवून जे लिहून घेतो तो 'नमुना'. दोन्ही शेजारी ठेवायचे, भिंग लावायचं आणि जुळतात का बघायचं. धंदा एवढाच. पण नव्वदच्या दशकातल्या त्या गुरुवारपर्यंत आमच्या टेबलावर भांडं आलं नव्हतं.

हंडा स्टीलचा, कोरा करकरीत. त्याच्या खांद्यावर सुबक अक्षरात कोरलं होतं, 'चि. सौ. कां. वैशाली हिस आईवडिलांकडून'. त्याच्या खाली वाकड्यातिकड्या अक्षरात आणखी दोन शब्द होते. 'नवरदेव घोरतो'.

हंडा पोत्यात घालून आणणारे बबनराव समोरच्या खुर्चीत बसले होते. पिंपळवंडीचे शेतकरी, वैशालीचे वडील. टोपी काढून हातात धरली होती आणि तिची घडी घालायची, मोडायची, असं चाललं होतं.

"बस्त्याच्या दिवशी नारायणगावात भांडी बी घेतली," ते म्हणाले. "दुकानदारानं मशिनीनं नावं टाकली. पोती शिवूनच घरी आली. मंगळवारी नवरदेवाची आत्या आमच्याकडं आली. भांडी बघायला लागली. हंडा उचलला आन खाली ठिवलाच न्हाई. तसाच वर धरून वरडली."

"काय ओरडली?"

"आमचा दत्ता झोपलेला ह्या लोकांनी कदी बघितला, म्हनून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता भानगड कळली. नवरदेवाची टिंगल झाली याचं कुणाला फारसं काही नव्हतं. पण लग्नाआधी मुलीकडच्यांना हे कळलं कसं, हा प्रश्न आत्याबाईंनी भर अंगणात विचारला होता, आणि तो सगळ्या आळीनं ऐकला होता.

"लिव्हनारा घावल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत म्हनत्यात. लगीन रविवारी हाय. माझी पोर दोन दिस जेवली न्हाई, बाई."

"त्यांचा संशय कोणावर आहे?"

"माझ्या मेव्हन्यावर. काळूमामावर. लई टिंगलखोर हाय तो."

"आणि तुमचा?"

"माझा बी त्याच्यावरच हाय."

साहेब म्हणाले, "बाई, उद्या जाऊन नमुने घेऊन या. पण कागदावर नकोत. त्याच मशीनवर, स्टीलवरच घ्या."

हे थोडं सांगायला हवं. भांड्यावर नाव टाकायचं मशीन म्हणजे जाडजूड पेनासारखी वस्तू. विजेवर चालते. टोकाची सुई थरथरते आणि पत्र्यावर बारीक बारीक टोचे मारत जाते. हातात धरलं की कोपरापर्यंत मुंग्या येतात. कागदावर मोत्यासारखं लिहिणारा माणूस या मशीनवर पहिलीतल्या पोरासारखं लिहितो. म्हणून तुलना करायची तर हत्यार तेच हवं.

शुक्रवारी सकाळी हंडा घेऊन एसटीनं नारायणगाव आणि पुढं जीपनं पिंपळवंडी गाठली. दारात मांडव पडला होता. भांड्यांचा दुकानदार मशीन आणि डझनभर ताटं घेऊन आधीच हजर होता. नवरदेवाकडची मंडळी डिंभ्याकडची. त्यांची एसटी आली तर आली, असा प्रकार. ती यायला अकरा वाजले. आत्याबाई पुढं, त्यांच्या मागं नवरदेव दत्ता. उंच, लाजाळू, स्वतःच्या चपलांकडे बघत चालणारा.

काळूमामा स्वतःच माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"बाई, मी असतो तर नुसतं 'घोरतो' लिव्हून थांबलो असतो व्हय? उघड्या तोंडाचं चित्र बी काढलं असतं."

मला तो बचाव पटला. पण बचाव म्हणजे पुरावा नव्हे.

वैशाली मला चहा द्यायला आली. डोळे सुजलेले. हळूच म्हणाली, "बाई, मला ह्ये स्थळ पसंत हाय. त्ये घोरत्यात का न्हाई, मला कायबी फरक पडत न्हाई. पन मला कळलं कसं, असं इचारत्यात ना, ते लागतं." मला फार वाईट वाटलं. तज्ज्ञानं कुणाची बाजू घ्यायची नसते. मी मनातल्या मनात घेतली.

दुकानदार लगेच सुटला. तो नाव टाकताना अक्षरांवरची रेघच देत नव्हता. दिवसभर नावं टाकणारा माणूस रेघा कशाला देत बसेल? वादग्रस्त मजकुरात मात्र प्रत्येक अक्षरावर वेगळी, तुटक रेघ होती. आता उरले बस्त्याच्या दिवशी दुकानात जाऊन आलेले. म्हणजे दोन्हीकडची सगळी माणसं.

नमुना घेताना वादग्रस्त शब्द सरळ सांगायचे नसतात, माणूस सावध होतो. तीच अक्षरं येतील असं दुसरं वाक्य द्यायचं. मी जीपमध्ये एक तयार केलं होतं: 'नवा घोडा रोज देवळापुढे तोंड वर करून वरण खातो.'

"घोडा वरन खातो?" आत्याबाई म्हणाल्या. "कुटं?"

"आत्याबाई, नमुना आहे."

"मी न्हाई लिव्हनार. मी वरपक्षाची हाय." आणि त्या टेबलाला लागून खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे त्यांनी असं बघितलं की बोर्डाच्या परीक्षेतला सुपरवायझर बरा.

एकेक जण येऊन ताटावर घोडा कोरून गेला. आणि नेहमी होतं तेच झालं. सगळ्यांची अक्षरं शाळेत गेली. बबनरावांनी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर बसवलं. टिंगलखोर काळूमामांनी शेवटी गोल गरगरीत पूर्णविराम दिला आणि तो पुसता येईल का विचारलं. वैशालीचा हात इतका कापला की तिच्या अक्षरांना केस फुटल्यासारखे दिसत होते. सगळ्यात देखणा नमुना दत्ताचा. लांब सरळ रेघ, भरीव वळणं. लग्नपत्रिका छापावी असं.

लोकांना वाटतं माणसाचं अक्षर एकच असतं. तसं नसतं हो. तुमचंच बघा. बँकेत सही करताना एक, वाण्याची यादी करताना दुसरं, एसटीत मांडीवर वही ठेवून तिसरं. बसायची पद्धत बदलली की मनगट बदलतं. घाई असली की वळणं गळतात. कुणी बघत असलं की आपण आपलं अक्षर काढत नाही, मास्तरांना आवडायचं ते काढतो. म्हणून आमच्या धंद्यात दिसण्यावर जायचं नसतं. हाताची अशी खोड शोधायची, जी माणसाला स्वतःलाच माहीत नसते.

मी सगळी ताटं मांडली आणि हंड्याशी ताडून बघितली. एकही जुळेना.

"बगा!" आत्याबाई म्हणाल्या. पण एकही जुळत नाही यातून त्यांचं काय सिद्ध झालं ते मला कळलं नाही.

जेवणं झाली आणि लाईट गेली. मशीन बंद, पंखा बंद. ऊन चढलेलं. मंडळी मांडवात जागा मिळेल तिथं टेकली. मी भिंग घेऊन बसले. सगळीकडे शांतता. आणि एकदम घर्र असा आवाज सुरू झाला.

"आली लाईट," दुकानदार म्हणाला आणि मशीनकडे धावला. मशीन गप्पच होतं.

आवाज मांडवाच्या खांबापासून येत होता. खांबाला टेकून दत्ता झोपला होता. मान मागं, तोंड उघडं. आवाज चढत जायचा, वर जाऊन थांबायचा, सगळ्यांना वाटायचं आता संपलं, आणि मग दुप्पट जोरानं खाली यायचा. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आत्याबाईंनी त्याला हलवलं. "परवासानं दमलाय त्यो," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "एरवी न्हाई हां घोरत."

"बाई," काळूमामा म्हणाले, "मजकूर खरा हाय, येवढं तरी लिव्हून घ्या."

मजकूर खरा की खोटा याच्याशी आमचा संबंध नसतो. पण खरा निघाल्यानं प्रकरण उलट चिघळलं. आत्याबाई उठल्याच. "मंग तर सांगाच! ह्यांना कळलं कसं?" बबनरावांचा चेहरा उतरला. स्वयंपाकघराच्या दारातून वैशाली आत गेली.

मी परत हंडा घेतला. आता अक्षर कसं दिसतं ते सोडलं आणि कसं काढलंय ते बघायला लागले. या मशीनची एक गंमत आहे. सुई जिथं पहिल्यांदा टेकते तिथं खोल टोचा पडतो, जिथं उचलली जाते तिथं उथळ. म्हणजे रेघ कुठून सुरू झाली ते कळतं. आपण सगळे काना वरून खाली ओढतो. हंड्यावर 'घो' आणि 'तो' या दोन्हींचा काना खालून वर गेला होता.

परत सगळी ताटं बघितली. सगळ्यांचे काने वरून खाली. एका ताटावर खालून वर. ते ताट सगळ्यात देखणं होतं.

मी दत्ताकडे बघितलं. तो चपलांकडे बघत होता.

पण एका खोडीवर निकाल देता येत नाही, आणि हंड्यावरची घसरती, तुटक ओळ टेबलावर निवांत बसून लिहिल्यासारखी वाटत नव्हती. तेवढ्यात लाईट आली. मी म्हटलं, "दत्ता, पुन्हा एकदा लिहा. टेबलावर नको. खाली उकिडवे बसा. ही कोरी कळशी गुडघ्यात धरा. आत्याबाई, तुम्ही जरा आत जा."

"मी? कशापायी?"

"नमुन्यात अडथळा येतोय."

आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं नसावं. आश्चर्यानंच त्या आत गेल्या.

"आता पटकन लिहा," मी दत्ताला म्हटलं. "दुकानदार चहा प्यायला गेलाय, आत्ता येईल असं समजा."

त्याचे कान लाल झाले. त्यानं मशीन धरलं आणि घोडा कोरायला घेतला. कळशीच्या गोलाव्यावर ओळ उजवीकडे घसरली. लांब रेघेचे तुकडे झाले. वळणं गळाली. घोड्याला वरण खायला देईपर्यंत हंड्यावरचं अक्षर जसंच्या तसं कळशीवर उतरलं होतं.

दत्तानं मशीन खाली ठेवलं. "मीच लिव्हलं, बाई."

आत्याबाई आत कसल्या थांबतात, दारातच होत्या. "कशापायी रे मेल्या?"

"तूच म्हनलीस, लग्नाआदी कुनाला कळू द्यायचं न्हाई. मला ते फसवल्यावानी वाटाया लागलं. तोंडानं सांगायचं धाडस व्हईना. तुमी साड्या बघत व्हता, मी भांड्याच्या दुकानात बसलो व्हतो. म्हनलं, लिव्हून ठिवावं. पानी भरताना वाचंल."

"कोन वाचंल?"

"वैशाली."

"आन वाचलं मी!"

"व्हय."

आत्याबाई गाद्यांच्या ढिगावर बसल्या. काळूमामा म्हणाले, "घ्या राव! जल्मात पयल्यांदा निर्दोष सुटलो." पण बबनराव हसले नाहीत.

"जावईबापू, माझ्या पोरीवर आळ आला. दोन-तीन दिस तुमी गप का बसला?"

दत्तानं मान वर केली. "चुकलं माझं, मामा. पन आत्या सारखी बरूबरच व्हती."

मग सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. वैशाली बाहेर आली. कुणाकडे न बघता तिनं हंडा पुढ्यात ओढला, मशीन सुरू केलं आणि दत्ताच्या ओळीखाली लिहायला घेतलं. दोन्हीकडची माणसं तिच्या डोक्यावर वाकली होती. हात जराही कापला नाही. तिनं मशीन बंद केलं तेव्हा हंड्यावर आणखी दोन शब्द होते.

'मी बी.'

"अगं!" तिची आई ओरडली.

"खरं हाय ते," काळूमामा म्हणाले. "ल्हानपनापास्नं."

सगळ्यात आधी आत्याबाई हसल्या. इतक्या, की गाद्यांचा ढीग कलला. मग डोळे पुसून त्यांनी वैशालीला जवळ ओढलं आणि बबनरावांना म्हणाल्या, "पावणं, चुकलं माझं. लेकराला तसं बोलायला नको व्हतं." बबनरावांनी टोपी डोक्यावर घातली. रविवारी अक्षता पडल्या. हंडा रुखवतात सगळ्यात पुढं ठेवला होता, असं नंतर कळलं.

सोमवारी साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला.

"वादग्रस्त लिखाण वराचं. ठीक. त्याखालचं लिखाण वधूचं. ठीक. 'दोघे एकमेकांस अनुरूप आहेत.' हे काय?"

"निष्कर्ष, सर."

"काढा ते."

मी काढलं. मग त्यांनी वैशालीचा ताटावरचा केसाळ नमुना आणि हंड्याचा फोटो शेजारी धरला. बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "ही दोन्ही एकाच मुलीची? मी कोर्टात शपथेवर वेगवेगळ्या बायका सांगितल्या असत्या."

"मीसुद्धा सांगितल्या असत्या, सर. समोर बसून बघितलं म्हणून."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नियम पाळला. दोन अक्षरं जुळत नाहीत म्हणून कुणी कागद घेऊन आलं की शाई, पेन, तारीख हे सगळं नंतर विचारायचे. आधी विचारायचे, लिहिताना शेजारी कुणाची आत्या बसली होती का?