नसलेल्या व्रताचं उद्यापन

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच. आमच्या मालवणकडच्या गावात अजूनही मला उपासाचा माणूस म्हणून ओळखतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या मी किती वर्षं पाळल्या ते लोक पोरांना सांगतात. पण देवासाठी मी एकही उपास केला नाही. सगळे कमरेसाठी केले.

मी दशावतारी मंडळात बायकांची कामं करायचो. विशीत माझी राणी बघायला लोक दोन गावं चालून यायचे. पंचविशी उलटली आणि अंग थोडं भरलं. एका जत्रेत मी शालू सावरत पुढे आलो, तर समोरून कोणीतरी ओरडलं, "रे, राणीन फणस गिळल्यान!" सगळी माणसं हसली. मंडळाचे मालकही हसले. रंग उतरवताना म्हणाले, "कंबर सांभाळ हां. नायतर पुढच्या वर्सा तुका राकसाचा काम." ते थट्टेतच म्हणाले असतील. मला ती थट्टा वाटली नाही.

त्या दिवसापासून कमरेचा काळा करगोटा हे माझं माप झालं. तो सैल पडला की गाठ मारून आवळायचो, आणि ती गाठ मारताना जे समाधान मिळे ते टाळ्यांनीही कधी दिलं नाही. कोणी जेवायला बोलावलं की म्हणायचो, "उपास आसा." आमच्याकडे या दोन शब्दांपुढे कोणी आग्रह करत नाही. जिथे सुटका नसे तिथे पोटभर जेवायचो, मग मांगराच्या, म्हणजे शेतातल्या छपराच्या, मागे जाऊन घशात बोटं घालायचो आणि तोंड धुऊन, कपाळाला अंगारा लावून परत माणसांत यायचो. पुरुषाला असं काही होतं हे कोणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं. घरी बायको म्हणाली, "तुमी उपाशी, नि मी खंयच्या तोंडान जेवू?" तीही माझ्याबरोबर उपास धरू लागली. थोरली मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. दूध आटलं. मुलगी रडून रडून निळी पडायची, आणि एका शब्दाने ते थांबवता येत असूनही मी गप्प राहिलो.

अशी काही वर्षं गेली. एका मोसमात आम्ही तळेऱ्याच्या बाजूला एका जत्रेला चाललो होतो. सोंगांच्या कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेतलेली मंडळी पुढे गेली होती. वाटेतल्या एका घरी आग्रहाने वाढलेलं जेवण ओकायला मी मागे राहिलो होतो. पुढच्या गावच्या रवळनाथाच्या देवळापर्यंत पोचलो आणि भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा मी देवळाच्या पायरीला टेकलेला होतो. समोर शेणाने भरलेल्या हातांची एक म्हातारी उभी होती. अंगण सारवता सारवता ती आली होती. तिने हात धुतले आणि घरातून उकड्या तांदळाची पेज आणून पुढे ठेवली.

मी सवयीने म्हटलं, "आये, माझो उपास आसा."

"खंयच्या देवाचो?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. देऊळ समोर होतं म्हणून बोलून गेलो, "रवळनाथाचो."

म्हातारी खाली बसली. "झिला, चाळीस वर्सां मी तेचा अंगण सारवतंय. आमच्या रवळनाथाक उपास ठावूक नाय. तो जत्रेक कोंबो खाता. तुका कोणी सांगल्यान तेच्या नावान उपाशी मर म्हणान?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. तिने पेज आणखी पुढे सरकवली. "आज माजो हात चुकलो," ती म्हणाली, "मूठभर तांदूळ जास्त पडले. कोणासाठी ते आता कळला. पी." मी पेज प्यालो. नंतर ती पोटातच ठेवली. तेवढंच करायला मला सगळं बळ लागलं.

तो आजार एका दिवसात गेला नाही. पुष्कळदा मी पुन्हा मांगरामागे उभा राहिलो. पण घशाशी बोटं नेली की "खंयच्या देवाचो?" ऐकू यायचं, आणि कधी कधी हात खाली यायचा. हळूहळू तसे दिवस वाढले. मी राक्षसाची कामं मागून घेतली. पुढच्या वर्षी मुद्दाम त्या देवळात गेलो, तर म्हातारीने मला ओळखलंच नाही. "खंयचो रे तू?" म्हणाली. मी नुसता तिच्या पाया पडलो. तिचा हात कोणी चुकवला हे मी ठरवू बघत नाही. मी देवाला खोट्यात ओढलं होतं, आणि त्याने मला त्याच्याच दारात जेवू घातलं, एवढं मला कळतं. शरीर माझ्या मुठीत ठेवायला गेलो तेव्हा ते हातचं जात होतं. वाढलेलं खाऊन मुकाट्याने पुढे जाणं, हीच आता माझी भक्ती आहे.

मुलगी वाचली, मोठी झाली, पण अंगाने कायमची किरकोळ राहिली. आणि बायको दर श्रावणात म्हणते, "तुमच्या व्रताचा उद्यापन ऱ्हवला हां. देवाक बरा दिसत नाय." मी "करूया" म्हणतो. ते व्रत कधी नव्हतंच, आणि तिने माझ्या खोटेपणाबरोबर उपास काढले, हे तिला सांगणं माझ्याकडे राहिलं आहे.