रविवारचा वाख

भिजलेल्या अंबाडीचा कुबट वास आला की मला रिठद गावाजवळच्या वस्तीतली ती सकाळ आठवते. मी नवा पाळक होतो आणि रविवारी कुणी कामाला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद तिथल्या आठ-दहा ख्रिस्ती घरांना दिली होती. त्या रविवारी माझ्या बैलांच्या दमणीचं चाक वाटेतच निखळलं. लिहून आणलेलं प्रवचन खिशात घालून मी पायी पोचलो, तर निंबाखाली उपासना सुरूही झाली होती. दोर वळणारा एक निरक्षर म्हातारा बोलत होता, आणि बोलता बोलता चक्क मांडीवर अंबाडीच्या वाखाला पीळ देत होता! माझं डोकंच फिरलं. "आज रविवार आहे ना, बाबा?" मी मागूनच ओरडलो. तो ओशाळला, वाख खाली ठेवला आणि त्याचे शब्दच आटले. तेवढ्यात त्याची बायको उठली. "काहून थांबवता त्यायले, साहेब? हात रिकामे असले का त्यायले बोलताच येत नाही," म्हणत तिने वाख पुन्हा त्याच्या हातात दिला. बोटं चालू लागली तसा म्हातारा हळूच म्हणाला, "देवानं मले बलावलं, तवा मी म्हनलो, मले अक्षर येत नाही, माह्यापाशी नुसता वाख हाय. तो म्हने, मंग तोच घेऊन ये." मी सगळ्यांच्या मागे मातीत बसलो. ते लिहिलेलं प्रवचन आजही माझ्याकडे तसंच घडी घातलेलं पडून आहे. त्या दिवशीचा दोर मात्र मी मागून घेतला आणि आमच्या चर्चच्या घंटेला बांधला. आजवर दोनदा गाठ मारावी लागली, पण रविवारी सगळ्यांच्या आधी कामाला लागतो तो तोच.