माणसं जपायची नोकरी

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी जन्मात कधी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नाही, आणि त्यामुळे आमच्या घरातलं एकही जेवण कधी वेळेवर झालं नाही. ताट वाढलेलं असायचं, दारात अगरबत्ती विकणारा यायचा, आणि ताई उठून त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. अगरबत्ती राहायची बाजूला. त्याच्या गावच्या विहिरीला पाणी लागलं की नाही, बहिणीचं सासर कसं आहे, इथपर्यंत सगळं ऐकून मगच त्या परत यायच्या, तोवर आमटीवर साय धरलेली. ताई नोकरीला होत्या त्या कारखान्याने घरी फोन बसवून दिला तेव्हा पहिल्याच आठवड्यात पडघ्याच्या एका ट्रकमालकाचा चुकून फोन आला. त्याला टायरचं दुकान हवं होतं. ‘राँग नंबर’ म्हणून खाली ठेवायचं एवढं सोपं काम, पण समोरचा बोलत होता ना. तो थांबेपर्यंत ताई थांबल्या, आणि टायरवरून सुरू झालेलं बोलणं धाकट्या भावाने वेगळी चूल मांडली त्या दुःखापर्यंत गेलं. पुढे कितीतरी वर्षं तो माणूस सणासुदीला फोन करून खुशाली विचारायचा. त्याला टायर मिळाले का, हे मात्र आम्हाला कधीच कळलं नाही.

भिवंडीत धामणकर नाक्यापलीकडे कापड रंगवायचा आणि छापायचा एक मोठा कारखाना होता, तिथे ताई पर्सोनेल ऑफिसर होत्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आमच्या वस्तीतली एक मुलगी शिकून अशा जागी बसते, याचा माझ्या सासऱ्यांना इतका अभिमान होता की विहारात कुणी नवीन आलं की ते आधी हीच बातमी सांगायचे. सासूबाईंचं मत निराळं होतं. मुलीने शाळेत शिकवावं, नाहीतर दवाखान्यात नर्स व्हावं. कामगारांच्या घोळक्यात दिवसभर फिरायचं ही कसली नोकरी, असं त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या. “काय काम करतेस तू नेमकं?” असं त्यांनी ताईंना अनेकदा विचारलं. ताई म्हणायच्या, “माणसं सांभाळते.” सासूबाई म्हणायच्या, “मग घरची कोण सांभाळणार?” ताईंनी लग्न केलं नव्हतं, त्याचाच हा राग होता.

मी या घरात आले तीही ताईंच्या मुलाखतीत पास होऊन. माझं माहेर पडघ्याच्या आत, शेतीवाल्यांच्या गावात. पाहुणे बघायला आले, सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, मामेसासऱ्यांनी शिक्षणाचं विचारलं, आणि मग इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या ताईंनी विचारलं, “तुला राग आला की तू काय करतेस?” असला प्रश्न आमच्या गावात कुठल्या मुलीला कुणी विचारला नव्हता. मी घाबरून खरं तेच सांगितलं, “भांडी घासते.” त्या म्हणाल्या, “सगळी घासून झाली आणि राग उरला तर?” मी म्हटलं, “मंग शेजारच्यांची आनते.” माझ्या आईने पदर तोंडाला लावला. ताईंनी मान हलवली, जसं काही त्यांना हवं ते मिळालं. परत जाताना गाडीत त्यांनी भावाला सांगितलं म्हणे, की ही मुलगी रागाचं काम करून टाकते, हिला सोडू नकोस. सासूबाई पुढे वर्षानुवर्षं तक्रार करायच्या की माझी सून मी नाही निवडली, कारखान्याने निवडली.

आणि सासू-सून म्हटल्यावर व्हायचं ते आमचंही झालं. माझं पहिलं वर्ष स्वयंपाकघरातच भांडणात गेलं. मीठ कुणी घातलं, डबा कुणी हलवला, यावरून रोज धुसफूस. एका रविवारी ताईंनी आधी सासूबाईंना गच्चीवर नेलं आणि त्यांचं सगळं ऐकलं. मग मला नेलं आणि माझं ऐकलं. मग दोघींना समोरासमोर बसवून स्वतः मध्ये बसल्या. वाटलं, आता निवाडा होणार. पण त्यांनी एवढंच केलं, की सासूबाईंना म्हणाल्या, “ही काय म्हणते ते तुझ्या शब्दांत मला सांग,” आणि मलाही तेच करायला लावलं. दुसरीचं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने बोलायचं म्हणजे केवढी शिक्षा. सासूबाई माझं गाऱ्हाणं सांगता सांगता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “हे हिचं बरोबरच आहे की.” त्या दिवसापासून सकाळची शिफ्ट सासूबाईंची आणि संध्याकाळची माझी, हे ठरलं ते ठरलं. माझे यजमान तेवढे म्हणत राहिले की घरात युनियन झाली, आता आपलं काही खरं नाही.

एवढं सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईच्या पोटातून मात्र एक अक्षर बाहेर पडत नसे. सासूबाई गच्चीवर माझ्याबद्दल काय बोलल्या, हे मी पुष्कळ खोदून विचारलं. “ऊन फार आहे म्हणाली,” एवढंच उत्तर. यजमानांनी विचारावं, आज कारखान्यात काय झालं, तर ताई म्हणणार, “चहा झाला.” कारखान्यात मोठा तंटा होऊन गेटवर पोलीस आले होते, त्या दिवशीही चहाच झाला होता. आम्हाला फक्त साडीवरून अंदाज यायचा. ऑफिसातल्या खुर्चीत त्या बसतच नसत, दिवसभर वाफेतून, रंगाच्या टाक्यांमधून हिंडायच्या, ज्याच्या त्याच्याशी बोलायच्या. काठावर निळे शिंतोडे असले की रंगखात्यात काही बिनसलंय, लाल-पिवळे असले की छपाईखात्यात. सगळे रंग एकदम दिसले, की त्या संध्याकाळी आम्ही त्यांना काही विचारत नसू.

त्यांची हिंदी हा तर वेगळाच विषय. मराठी वाक्याला शेवटी ‘है’ लावलं की हिंदी झाली, यावर त्यांचा पूर्ण विश्वास. “तुम्हारा डोका दुखता है तो घाई मत करो, थोडा पडो,” असं त्या उत्तरेकडून आलेल्या एका कारागिराला म्हणाल्या, तेव्हा तो काळजीने खाली बघायला लागला होता, कुठे पडायचं म्हणून. शेवटी कारागिरांनीच त्यांना हात जोडून सांगितलं, “बाई, आप मराठी में बोलिए, हम समझ लेंगे.”

माणसं नेमायची त्यांची रीतही अशीच. छपाईखात्यात मुकादम हवा होता. तिथे लांबच लांब टेबलांवर कापड अंथरून हाताने छपाई चालायची, पुष्कळ माणसं, सगळी तापट. उमेदवार आले, काहींच्या हातात जाडजूड सर्टिफिकिटं. ताईंनी प्रत्येकाला एकच सांगितलं: मी नवखी आहे असं समजा आणि नाक्यापासून इथपर्यंतचा रस्ता मला समजावून द्या. कुणी म्हणालं सरळ या, कुणी म्हणालं कुणालाही विचारा. एका चष्मेवाल्या, सडपातळ माणसाने मात्र उलट विचारलं, “आप पैदल आएँगी या रिक्शा से?” ताईंनी त्यालाच घेतलं. ते इद्रिसभाई. त्यांच्या हाताखाली छपाईखातं असं चाललं की तिथला आरडाओरडा थांबल्यावर शेजारच्या खात्यातली माणसं काय झालं म्हणून बघायला आली होती.

मग नव्वदच्या दशकात थोरले मालक थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. चांगला मुलगा, बाहेर शिकून आलेला, पण माणसांना जरा बिचकणारा. त्याने ताईंच्या दारावरची पाटी बदलून ‘एच. आर.’ अशी लावली. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे बढती का? ताई म्हणाल्या, “अक्षरं कमी झाली.” त्याने ताईंना मुंबईला एका मोठ्या हॉटेलात प्रशिक्षणालाही पाठवलं. या बिझनेसमध्ये यशस्वी व्हायचं तर अंगी काय काय कौशल्यं हवीत, हे तिथे पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं. परत आल्यावर यजमानांनी विचारलं, काय शिकवलं? ताई म्हणाल्या, “दुसऱ्याचं ऐकायचं कसं ते.” “मग?” “ऐकलं मी.”

त्याच सुमारास परदेशी बनावटीचं छपाईचं मशीन आलं, आणि हाताने छापणारं खातं बंद करायचं ठरलं. हे आम्हाला ताईंनी नाही सांगितलं. आम्हाला दिसलं ते इतकंच, की त्या जेवताना भात चिवडत बसायच्या, आणि साडी रोज लाल-पिवळी होऊन यायची. पुढे खुद्द मालकाच्या मुलाच्या तोंडून कळलं, की शनिवारी सगळे घरी गेल्यावर गेटवर नोटीस लावायची, म्हणजे गोंधळ होणार नाही, असा त्याचा बेत होता. ताई त्याला म्हणाल्या होत्या, “नोटीस लावायला खिळा पुरतो. मग मला कशाला ठेवलंय?” त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. शिकायला तयार असतील त्यांना नव्या मशीनवर घ्यायचं कबूल करून घेतलं, आणि बाकीच्यांसाठी भिवंडीतल्या दुसऱ्या कारखान्यांची गेटं पालथी घातली. आणि एक अट घातली, की ज्याची त्याची बातमी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन, तोंडावर मी सांगणार.

पहिलं घर इद्रिसभाईंचं. त्या रविवारी ताईंनी मला बरोबर घेतलं. का, ते सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. एरवी कुणाला न घाबरणारी बाई त्या गल्लीत शिरताना माझा दंड धरून चालत होती. इद्रिसभाईंनी आम्हाला बघून खुर्च्या पुढे केल्या. ताईंनी उभ्यानेच सांगितलं, वळण न घेता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “रखा भी आपने, निकाला भी आपने,” आणि आम्हाला बाहेर काढून दार लावून घेतलं.

मी म्हटलं, चला ताई, जाऊ. ताईंनी पायरीवर पदराने धूळ झटकली आणि बसल्या. उन्हं चढली. समोरच्या घरातून एक बाई चहा घेऊन आली, तिच्यामागून दुसरी आली, आणि ताईंच्या आसपास माणूस बोलायला लागतो तसं झालं. गल्लीत नळावरून भांडण होतं. ताईंनी एकीचं ऐकलं, दुसरीचं ऐकलं, आणि पहिल्या पाण्याची पाळी कुणाची हे ठरवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मागचं दार उघडलं. इद्रिसभाई उभे होते. डोळे लाल. ताई त्यांच्याकडे वळल्या आणि आपल्या त्या हिंदीत म्हणाल्या, “इद्रिसभाई, आपका बोलना बाकी है. पूरा बोलो. मेरेको घाई नहीं है.”

ते पायरीवर, थोडं अंतर ठेवून बसले आणि बोलू लागले. मुलुखातून आल्यापासूनचं बोलले, त्या टेबलांचं बोलले, ताईंनाही पुष्कळ लागेल असं बोलले. ताईंनी एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “लड़कों को कौन बताएगा?” ताई म्हणाल्या, “हम दोनों.”

आणि तसंच झालं. पुढचे सगळे रविवार ती दोघं घरोघरी हिंडली. कुठे रडारड झाली, कुठे शिव्या खाल्ल्या. दिवाळीपर्यंत बरेचजण मार्गी लागले. काही नव्या मशीनवर शिकले, काही दुसऱ्या कारखान्यात गेले, काही मुलुखाला परतले. दोन-चार म्हाताऱ्यांची सोय कुठेच लागली नाही, ते ताईंना शेवटपर्यंत खात राहिलं. इद्रिसभाईंनी नव्या मशीनवरची आपली जागा एका लेकुरवाळ्या कारागिराला दिली. मानकोलीकडे तेव्हा गोदामं उभी राहू लागली होती, तिथे त्यांना काम मिळालं. काम काय, तर आलेल्या ट्रकवाल्यांना कुठलं गोदाम कुठे, ते सांगायचं. ताईंना हे कळलं तेव्हा त्या महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर हसल्या.

काही वर्षांनी तो कारखानाच विकायचं ठरलं. एका दुपारी मालकाचा मुलगा आमच्या घरी आला, एकटाच. सोप्यात बसला, पाणी प्याला, नाक्यावरच्या ट्रॅफिकबद्दल बोलला, उन्हाबद्दल बोलला. ताई समोर हात मांडीवर ठेवून बसून होत्या. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, आपने सिखाया था, मुँह पर बोलना चाहिए.” ताई म्हणाल्या, “बोलो.” त्याने सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून काम बंद, ताईंचंही. ताईंनी विचारलं, “वॉचमनला सांगितलं का?” तो म्हणाला, नाही. “उसको भी आप ही बोलो. पहले जेवून घ्या.” सासूबाईंनी त्याला डाळ-भात वाढला. जेवता जेवताच त्याने आम्हाला ती खिळ्याची गोष्ट सांगितली. जाताना तो ताईंच्या पाया पडला, मग सासूबाईंच्याही.

त्यानंतरही ताई पुष्कळ वर्षं आमच्यात होत्या. महिला मंडळ होतं, वस्तीतली भांडणं होती, त्यांना काही कमी पडलं नाही. पण आता त्या नाहीत, आणि आठवण काढायला बसलं की मला ती दुपारच आठवते. मालकाचा मुलगा गेला आणि त्या आत जाऊन आडव्या झाल्या. आमच्या ताईंना दिवसा झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बातमी कशी कुणास ठाऊक फुटली, आणि दारात एकेक माणूस यायला लागला. त्या नोकरीला जन्मभर नावं ठेवणाऱ्या सासूबाई उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या आणि आल्या-गेल्याला हळू आवाजात सांगत राहिल्या, “दमलीय ती. उद्या या.” मग दार ओढून घेऊन त्या लेकीच्या पायाशी येऊन बसल्या, मी उशाशी. संध्याकाळ झाली तशी मी दिवा लावायला उठले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. बाहेर शिफ्ट सुटल्याचा गलबला येऊन गेला, खोलीत अंधार भरत गेला, आणि आम्ही तिघी तशाच राहिलो, दोघी बसलेल्या आणि एक झोपलेली.