सुनंदा सापडली नव्हती

सुनंदा गेल्याचं मला आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. जोडलेले हात, फुलं, 'मनमिळाऊ भगिनी हरपली'... वर सरकवत गेले, तर त्याच मंडळींनी पुढे ढकललेला तिचा व्हिडिओ अजून तसाच होता. खाली ओळ, 'मतं घालताना बाई सापडली.' रडू येण्याआधी मला संताप आला. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

शिवाजी पेठेतल्या एकाच शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. निवडणुकीची ड्युटी लागली की बाकीच्यांना जुनी दुखणी आठवायची. ही मात्र डबा, उशी, बॅटरी बांधून तयार. या वेळी शिरोळकडच्या एका गावात ती मतदान केंद्राध्यक्ष होती. आयोगाची पद्धत अशी, की खरं मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर चाचणीची पन्नास मतं टाकायची, निकाल दाखवायचा, मग ती पुसायची आणि पुसल्याची सगळ्यांनी सही करायची. त्या सकाळी प्रतिनिधी उशिरा उगवले, आणि पहिलं बटण कुणी दाबायचं यावरून त्यांच्यातच जुंपली. बाहेर रांग ओरडत होती, "ओ बाई, सुरू करा की, उसाला पाणी सोडायचं हाय." त्या गडबडीत पुसायचं बटण दाबायचं राहिलं. सह्या मात्र सगळ्यांनी केल्या, यंत्राकडे न बघता.

थोड्या वेळानं यंत्रावरचा मतांचा आकडा नोंदवहीशी जुळेना, तेव्हा चूक तिच्या ध्यानात आली. दुसऱ्या कुणाला पत्ताही नव्हता. तिनं स्वतः वरिष्ठांना फोन केला, मतदान थांबवलं, दुसरं यंत्र मागवलं. माणसं चुकणार हे धरूनच नियम केलेले असतात, तोवर पडलेल्या मतांचं काय करायचं तेही त्यात लिहिलेलं असतं. पण ताटकळलेल्यांपैकी कुणीतरी खिडकीतून तिच्या घामेजल्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढला, आणि दुपारपर्यंत ती जिल्हाभर चोर ठरली.

कारणे दाखवा नोटीस आली ती तिला एकटीला. डोळे मिटून सह्या करणारे टपरीवर चहा पीत तिच्या नावानं हसत होते. शिक्षकांच्या खोलीत एकानं विचारलं, "काय मॅडम, कुठल्या पक्षाचं काम केलासा?" ती एवढंच म्हणाली, "मी सापडले न्हाय हो. मी सांगितलंय." पुढे हे वाक्य ती भाजीवालीलासुद्धा ऐकवायची, कुणी विचारलेलं नसताना. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला समजावलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसली असती तर निभावलं असतं. वा रे शहाणपण! चूक लपवणारा हुशार आणि सांगणारी चोर, असं मुलांना शिकवायचं का आम्ही?

झोपेतच तिचं हृदय बंद पडलं. त्या बदनामीनं मारलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही. पण ती गेली तेव्हा चौकशी अर्धवटच होती, नावावरचा डाग तसाच होता, आणि तो लावणारे शोकसभेत पहिल्या रांगेत बसले होते. एकानं तर तिच्या प्रामाणिकपणावर भाषण ठोकलं. मी उठून बाहेर आले.

परवा तिच्या घरी गेले होते. निघताना तिचे यजमान, आमचे दाजी, मला रिक्षापर्यंत सोडायला आले. त्यांनी दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, बघितलंसा न्हवं? लागलंय की." मग स्वतःच ओशाळले. त्या मतदानानंतर सुनंदा गॅस, नळ, कुलूप, काहीही बंद केलं की कुणाला तरी साक्षीला बोलवायची. म्हणायची, "बघून ठेवा, उद्या म्हणतील बाईनं मुद्दाम उघडं ठेवलं." तीच सवय आता दाजींना लागली होती... मी मागे फिरले, कुलूप हातात घेऊन नीट ओढलं, आणि मगच हो म्हणाले.