साठ पापलेटं आणि एक भावी इंजिनिअर

आमच्या गाडीला जो बिघाड झाला होता, तो आमच्या कॉलेजच्या एकाही पुस्तकात दिलेला नाही. मी लायब्ररीत बसून अनुक्रमणिकेसकट शोधून पाहिला.

मी ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. (शाळेतून पळून गेलेले बरेच आहेत, त्यात माझा नंबर पहिला नाही.) पहिल्या वर्षाचे सगळे विषय एका दमात सुटले, तेव्हा बाबा मच्छी बाजारातून थेट बोईसरच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि येताना काखेत एक सुरळी घेऊन आले.

सुरळी उलगडली. आत मी होतो!

ॲडमिशन फॉर्मवरचा माझा घाबरलेला फोटो, त्यावर दुकानदाराने कंप्युटरवरून चढवलेला काळा गॉगल. माझ्या मागे एक विमान. (ऑटोमोबाईलचा विमानाशी संबंध नसतो, असं मी बाबांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "दुकानवाला बोलला, डिझाइन तयारच हाय.") मधोमध मोठ्या अक्षरात 'आमचा अभिमान, भावी इंजिनिअर!' आणि खाली शुभेच्छुकांची यादी: आजी, आत्या, मामा, आणि सर्वांत शेवटी आमची होडी 'दर्यामाउली'.

"लावायचा कुठे?" मी विचारलं.

"घर गल्लीत हाय, कोन बघनार?" बाबा म्हणाले. "गाडी फिरते. पोरगा गावोगाव दिसला पायजे."

गाडी म्हणजे आमची जुनी निळी सेकंडहँड गाडी. मागची सीट आडवी केली की माशांचे चार खोके बसतात. बाबांनी फ्लेक्स तिच्या तोंडावर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, जाळ्याच्या नायलॉनच्या दोरीने ताणून बांधला. बाबांची गाठ वादळातसुद्धा सुटत नाही. "बाबा, कशाला उगीच? काढा ना," असं मी म्हटलं. एकदाच म्हटलं. तेही अशा आवाजात, की मलाच नीट ऐकू आलं नाही. आता खोटं कशाला बोलू? दुपारी सगळे झोपल्यावर मी बाहेर जाऊन त्या फ्लेक्सचा मोबाईलवर फोटो काढला. तीन काढले. नंबरप्लेट झाकली जाणार नाही, एवढी काळजी मात्र मी घेतली होती. इंजिनिअर माणसाने नियम पाळावेत.

दोनच दिवसांनी आईला आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर मिळाली. पालघरच्या एका केटरर बाईंना हळदीच्या जेवणासाठी साठ पापलेटं हवी होती. बाई कडक होत्या. फोनवर म्हणाल्या, "दहा म्हणजे दहा. दहाला दारात मासे नसतील, तर मी कोल्ड स्टोरेजमधून उचलीन. वेळेवर आलात, तर पुढची सगळी लग्नं तुमची." आई वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन फिरली आहे. 'पुढची सगळी लग्नं' हे शब्द तिने घरात इतक्या वेळा उच्चारले, की आजीला वाटलं माझंच ठरलं.

सकाळी आठला आम्ही नवापूरहून निघालो. मी गाडी चालवत होतो, आई शेजारी, बाबा मागे खोक्यांच्या मधे उकिडवे. सालवडला मामाला घ्यायचं होतं, कारण त्याला पालघरला काम होतं. (काम काय ते अजून कळलेलं नाही. हळदीच्या घराशी त्याचा संबंध असावा, असा आईला संशय आहे.)

सालवड येईपर्यंत गाडीचा काटा तापमानाच्या लाल खुणेला चिकटला.

"थांबव!" मामा रस्त्यावरूनच ओरडला. मामा तारापूरच्या एका कंपनीत बॉयलरवर कामाला आहे. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला बॉयलर वाटते. "प्रेशर हाय! बाजूला व्हा! अरे पीछे हटो भाई, पीछे!" ड्युटीवर निघालेले दहाबारा कामगार घाबरून मागे हटले, आणि मग काय फुटणार ते बघायला दुपटीने पुढे आले.

मी बॉनेट उघडलं. त्यासाठी मला माझ्याच गॉगलवरून वाकावं लागलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. फ्लेक्स वाचून एकाने विचारलंसुद्धा, "यही है क्या इंजिनिअर?"

आता रेडिएटर या विषयावर तोंडी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मार्क पडले आहेत. मी घसा साफ केला. "पाणी कमी झालं असेल," मी म्हटलं. इंजिन थोडं निवल्यावर बाबांनी ओलं गोणपाट गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी कमी होतंच. आमच्या पिण्याच्या दोन बाटल्या आत गेल्या, काटा खाली आला, मामाने "इंजिनिअर साब!" अशी आरोळी ठोकली आणि आम्ही निघालो.

मला जरा बरं वाटलं. हे बरं वाटणं बोईसरच्या नवापूर नाक्यापर्यंत टिकलं.

"परत चढला," आई काट्याकडे बघत म्हणाली. घरात दुधावर लक्ष ठेवावं, तशी ती काट्यावर लक्ष ठेवून होती.

"मग थर्मोस्टॅट असेल," मी म्हटलं.

"ते काय असतं?"

"गरम पाण्याला वाट करून देणारी झडप असते, आई. ती अडकली असेल."

"मंग सोडव."

"ते… गॅरेजमध्येच करतात."

"मंग तू काय करतोस?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. पण मला एक युक्ती आठवली. गाडीचा हीटर पूर्ण चालू केला, तर इंजिनातली उष्णता गाडीच्या आत खेचली जाते आणि इंजिन थोडं निवतं. ही युक्ती खरी आहे, पुस्तकात आहे. फक्त बाहेर मे महिना असताना, आत चार माणसं आणि साठ पापलेटं असतील तर काय करावं, हे पुस्तकात नाही.

मी हीटर लावला.

दोन मिनिटांत मामाने शर्टाची बटणं काढली. चार मिनिटांत बाबांनी डोकं खिडकीबाहेर काढलं. पाचव्या मिनिटाला मागच्या वरच्या खोक्यातून असा वास आला, की फक्त कोकम आणि मिरची घालायची बाकी होती.

"नित्या!" आई किंचाळली. "बाईंनी कच्ची मासळी सांगितलीय! शिजवून नाय!"

हीटर बंद केला. काटा पुन्हा लाल. कशीबशी गाडी उमरोळीच्या पुढे आली आणि बॉनेटच्या कडांतून वाफेचा लोट निघाला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

आईचा फोन वाजला. केटरर बाई! "कुठपर्यंत?"

"आलोच," आई गोड आवाजात म्हणाली. "पालघरच्या तोंडाशीच हाय." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. आवाजातला गोडवा फोनबरोबरच बंद झाला होता. "आता बोल."

मी बोललो. म्हणजे बोलायला नको होतं ते बोललो. "आई, मला वाटतं हेड गास्केट गेलं असेल. म्हणजे इंजिनच उघडावं लागेल."

मयताच्या घरी डॉक्टर उभा असावा, तसा मी उभा होतो.

बाबांना गाडी चालवता येत नाही, पण चाळीस वर्षं होडीचं इंजिन त्यांनी कानाने ओळखलंय. इंजिन निवल्यावर त्यांनी मला ते चालू करायला सांगितलं, बॉनेटमध्ये कान घातला आणि डोळे मिटले. "आवाज साफ हाय," ते म्हणाले. "इंजिनाला कायपन झालं नाय. घुसमटतंय ते. त्याला वारा पायजे."

"बाबा," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, "इंजिन म्हणजे माणूस नाही. पंखा चालू आहे, बघा. वाऱ्याचा प्रश्नच येत नाही."

"बरं, तू शिकलेला," बाबा म्हणाले. पण त्यांना चैन पडेना. दर्यावर इंजिन तापलं की ते होडीचं तोंड वाऱ्यावर धरतात. त्यांनी मामाला हाक मारली, आणि मी "अहो, असं नसतं" म्हणेपर्यंत दोघांनी गाडी ढकलून तिचं तोंड पश्चिमेच्या वाऱ्याकडे केलं. वारा आला, चांगला भणाणत आला. फ्लेक्स शिडासारखा फुगून गाडीच्या तोंडावरच्या जाळीला घट्ट चिकटला. माझे गाल फुगले. बस्स. यापलीकडे काही झालं नाही.

"बघा," मी म्हटलं. (हे 'बघा' मला अजून झोपेत ऐकू येतं.)

आता पाणी टाकायला हवं होतं आणि पाणी संपलं होतं. खोक्यात बर्फ मात्र होता. मी आईकडे पाहिलं. आईने खोक्यांकडे पाहिलं. बर्फ दिला तर मासे जातात, नाही दिला तर वेळ जाते. "एक ओंजळ," ती म्हणाली. मग दुसरी. मग वितळलेल्या बर्फाची एक पूर्ण कळशी. इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडातून जी वाफ निघाली, तिला पापलेटचा घमघमाट होता! कुठूनशा तीन मांजरी आल्या आणि गाडीसमोर ओळीने बसल्या. एक तर सरळ माझ्या फोटोतल्या नाकाला चाटू लागली.

"बॉयलरमधे मासे कोन घालतं?" मामा हताश होऊन म्हणाला.

साडेनऊ. ऊन चढलं, बर्फ अर्ध्यावर आला, वरच्या खोक्याचं गोणपाट रेडिएटरचं झाकण उघडण्यासाठी वापरून मळलेलं. आईने चारी बाजूंना पाहिलं. मासे झाकायला काहीतरी हवं होतं. जाड, पाणी न शोषणारं, ऊन अडवणारं. तिची नजर फ्लेक्सवर थांबली.

"ताई, नको!" मामा म्हणाला. "अभिमान हाय तो!"

"अभिमानाला काय वास येनार नाय," आई म्हणाली. तिने कमरेची कोयती काढली, बाबांच्या न सुटणाऱ्या गाठी चार घावांत तोडल्या, आणि माझा चेहरा साठ पापलेटांवर पांघरला. बाबांनी तोंड फिरवलं.

"आता चालू कर," आई म्हणाली. "जाईल तितं जाईल. मंग मी डोक्यावर घेऊन धावते."

मी देवाचं नाव घेऊन निघालो. एक किलोमीटर. दोन. काटा मधोमध. तीन. काटा हलेना. मी काचेवर टिचकी मारली, काटाच बिघडला असेल म्हणून. काटा ठणठणीत होता. गाडी अशी पळत होती, जशी कधी आजारी नव्हतीच.

"काय केलंस रे?" मामाने आदराने विचारलं.

"बहुतेक…" मी म्हटलं, "बर्फाच्या धक्क्याने थर्मोस्टॅट सुटला."

"बगा दाजी!" मामा बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "शिक्षान!"

नऊ सत्तावन्नला आम्ही दारात. केटरर बाईंनी घड्याळ पाहिलं, मग कल्ले उचलून पाहिले. लालबुंद. वरच्या खोक्यात हात घालून त्या थबकल्या. "अहो, ही कोमट का लागतायत?"

"ताजी हायत म्हणून," आई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. "पुढच्या गुरुवारी चाळीस लागतील." आई खाली वाकून खोका उचलायला लागली, पण मी पाहिलं, तिने पदराने डोळे पुसले. माशाच्या हाताने. मग डोळे चुरचुरले म्हणून अजून पुसले.

बाहेर बाबा फोनवर फ्लेक्सच्या दुकानवाल्याशी बोलत होते. "हां, मोठा. पूर्न बॉनेटवरनं खालपर्यंत. लिवा: चालत्या गाडीचा रोग ओळखनारा…"

मी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. जाळी उघडी होती. जाळीमागे रेडिएटर होता आणि त्यावर पालघरचा वारा आरपार लागत होता. आणि मला तोंडी परीक्षा आठवली. सरांनी दोनच प्रश्न विचारले होते. इंजिनाला गार कोण करतं? पाणी, सर. आणि पाण्याला? समोरून येणारी हवा, सर. शाबास, पैकीच्या पैकी.

ती हवा सकाळपासून मी अडवून धरली होती. गॉगल घालून.

गप्प बसता आलं असतं. पण हा नवा मोठा फ्लेक्स लागला असता, तर पुढच्या गुरुवारी चाळीस पापलेटं उमरोळीतच शिजली असती. "बाबा, फोन ठेवा," मी म्हटलं, आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

बाबांनी उघड्या जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे, वारा पायजे होता?"

"हो."

"मी बोललो तसा?"

"हो, बाबा."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "हॅलो? हां, फोटो बदला. माझा टाका. विमान राहू दे."

बाबांचा तो फ्लेक्स आता आमच्या भिंतीवर आहे, गल्लीत, जिथे कोणी बघत नाही. माझा जुना फ्लेक्स आईने ठेवून घेतला आहे. दर गुरुवारी तो मासळीच्या खोक्यावर असतो, विमानासकट. आई सांगते, बर्फ दुप्पट टिकतो, गरम वाऱ्याची झुळूकसुद्धा आत जात नाही. तेव्हा हवा अडवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे आता सिद्ध झालं आहे. फक्त सुरुवातीला नोकरी चुकीच्या जागी लागली होती.