काकीचे रानातले भासरे

वाघाशी कसं वागावं हे उभ्या झरी जामणी तालुक्यात एकाच माणसाला कळलंय, आणि ती माझी काकी आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही प्राणिशास्त्र घेऊन. तरी हे मी लिहून द्यायला तयार आहे. काकीच्या लेखी वाघ म्हणजे भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. म्हणून ती त्याचं नाव घेत नाही, समोर जात नाही, आणि ऊन चढल्याशिवाय शेताची वाट धरत नाही. "त्यायची हिंडाफिरायची वेळ असते ते," म्हणते. वळण आलं की ती मोठ्याने खाकरते. भासऱ्यांना आत व्हायला सवड नको? कपाशीचे शेंडे खाणाऱ्या रोह्या, म्हणजे नीलगायी, तिच्या नणंदा. "माहेरी आल्या, थोडं तर खातीनच." रानडुकरांशी मात्र तिने नातं जोडलेलं नाही. त्यांच्यासाठी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काटेरी करडईची दाट रांग आहे.

तिचे खरे भासरे म्हणजे माझे बाबा. आमचं अंगण एकच, पण लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी शब्द बोललेली नाही. बाबा दिसले की पदर ओढून भिंतीकडे तोंड. बोलायचंच झालं तर दाराआडून, मला मधे घालून. गेल्या हंगामात तिच्या तुरीत वाघाचे ठसे उमटले, तेव्हा बाबा मला म्हणाले, "सांग तिले, उद्यापासून वावरात जाणं बंद."

दाराआडून आवाज आला, "सांग त्यायले, तुहा काका गेल्यापासून वावरच माह्या सोबतीले हाय."

बाबांनी तोड काढली. "तू शिकेल हायेस. एक डाव संग जाय, पाह्य, अन् मंग सांग."

गेलो. नाल्याच्या उतारावर काकी खाकरली, पण रानातले भासरे आधीच वाटेत उभे होते, वीस पावलांवर. माझं प्राणिशास्त्र तिथेच सांडलं आणि पाय पळायला निघाले. काकीने मनगट धरलं. "पयू नोको. अन् मोठ्या माणसाच्या तोंडाकडं असा टकमक पाहू नोको. रीतभात हाय का नाही तुले?" पदर ओढून, मला धरून ती उलट्या पावलांनी हळूहळू वाटेबाहेर झाली आणि मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि जेवण करून उठलेल्या कर्त्या माणसासारखे सावकाश झुडपात गेले.

पदर सारखा करत काकी म्हणाली, "सांगशीन का घरी?"

मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं, मी पळणार होतो हेही. बाबा सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सांग तिले, जात जाय. दिवस असताना घरी येत जाय म्हणा." आणि जरा हळू, "माह्यासाठीही बाजूले नोको होत जाऊ म्हणा आता. मी कायले खातो तिले."

दाराआडून हसू आलं. बाबा घरात असताना काकीचं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर काकी शिदोरी घेऊन निघाली, तेव्हा बाबा समोरून येत होते. सवयीने ती भिंतीकडे सरकली. बाबाही दुसऱ्या अंगाला सरकले. दोघं माना खाली घालून उभे, आणि मधली वाट बराच वेळ तशीच मोकळी राहिली.